तिसऱ्या अंकातला डॉक्टर

बाबा,

आज सकाळी करजणच्या मुलीचा फोन आला होता. मुलगी म्हणायचं आपलं, आता तिचीच मुलगी कॉलेजात जाते. पण तुम्हाला ती दोन वेण्यांची, दप्तर पोटाशी धरून बसणारीच आठवत असेल, म्हणून मीही तेच म्हणते. इथं बडोद्यातच, समा भागातल्या एका शाळेत ती फ्रेंच शिकवते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. येत्या सुट्टीत ती आपल्या वर्गाला परदेशी घेऊन जाणार आहे. "मॅडम, ए वखते आपणे बधुं केवी रीते कर्युं हतुं?" असं विचारत होती. आपण तेव्हा धडे कसे बसवले होते, आधी काय, मग काय. आणि लगेच पुढे, "दादा कस्टमवाळा थता, ए पहेलां के पछी?" दादा कस्टमवाले व्हायचे, ते आधी की नंतर. गुजरातीत आजोबांना दादा म्हणतात, त्यामुळे माझ्या सगळ्या वर्गाचे तुम्ही दादाच होतात. मी तिला म्हटलं, संध्याकाळी लिहून पाठवते. आता गोत्रीच्या घरी गॅलरीत कागद घेऊन बसले आहे आणि तिला लिहायचं सोडून तुम्हालाच लिहायला लागले आहे. कारण तिला क्रम हवा आहे, आणि मला क्रम आठवायला गेलं की तुम्हीच दारातून आत येताना दिसता, डोक्यावर आईच्या भावाची जुनी पोलिसी टोपी घालून.

त्या वर्षी माझ्या फ्रेंचच्या वर्गात अकरा मुलं होती, आणि पुढच्या वर्षी एकही राहणार नाही अशी चिन्हं होती. शाळेत कॉम्प्युटर आले होते. पालकसभेत एक गृहस्थ उभे राहून अगदी सभ्यपणे म्हणाले होते, "बेन, आ फ्रेंच शीखीने छोकरां करशे शुं?" हे फ्रेंच शिकून मुलं करणार काय. मुख्याध्यापिकाबाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की वर्ष पुरं करू, मग बघू. ते 'मग बघू' म्हणजे काय ते तुम्ही सरकारी माणसांबरोबर आयुष्यभर वावरल्यामुळे मला त्याच संध्याकाळी समजावून सांगितलं होतंत. त्यावर मी घाईघाईनं सहलीची कल्पना काढली. फ्रान्स परवडण्यातलं नव्हतं. मॉरिशस चालण्यासारखं होतं. तिथं बाजारात, बसमध्ये, घरांत फ्रेंच बोलतात, व्हिसाची कटकट नाही, आणि शाकाहारी मुलं उपाशी राहणार नाहीत. बाईंना मी म्हटलं, मुलं तिथं जाऊन फ्रेंच बोलली तर वर्ग ठेवा, नाही बोलली तर मी स्वतःच बंद करते. एवढं बोलून बाहेर आले आणि जिन्यातच कळलं, की आपण काय बोलून बसलो. कारण माझ्या मुलांना फ्रेंच लिहिता येत होतं. बोलायला त्यातलं एकही तोंड उघडत नव्हतं.

पाठ्यपुस्तकातला मुलगा रोज सकाळी उठून नदीकाठी फिरायला जायचा आणि आपल्या काकांच्या गाईंबद्दल बोलायचा. ते पुस्तक मी कपाटात ठेवलं आणि फळ्यावर एक विमान काढलं. म्हटलं, आपण आता घरातून निघालो, सांगा, कुठं कुठं बोलावं लागेल? मुलांनी हात वर केले ते खालीच घेईनात. बॅग हरवली तर? बाथरूम कुठं आहे? एका जैन मुलानं अगदी काकुळतीनं विचारलं, "कांदा वगर, लसण वगर", म्हणजे त्यांच्याशिवाय, हे कसं म्हणायचं. पुस्तकात त्याला चीजचे प्रकार पाठ करायला लावले होते, पण हे कुठंच नव्हतं. 'साँ झोन्यों, साँ झाय' मी फळ्यावर लिहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा वर्ग सुटल्यावर कॉरिडॉरमधून फ्रेंच ऐकू आलं. तो मुलगा मंत्र म्हटल्यासारखा म्हणत चालला होता. मग आमचं ठरलं. एक आठवडा बॅग भरायची, एक आठवडा विमानतळ, मग बस, मग बाजार, मग रस्ता चुकणं, मग आजारी पडणं. व्याकरण जिथं अडेल तिथंच, गरजेपुरतं.

पण समोरचा माणूस कुणी व्हायचं? मी अधिकारी झाले तरी मुलांना मी बाईच दिसत होते. शनिवारी दुपारी शाळा बंद, म्हणून मी मुलांना दांडिया बाजारातल्या घरी तुमच्याकडे घेऊन आले. आईनं सेव-उसळ केली होती. तुम्ही सरकारी छापखान्यातून रिटायर होऊन कंटाळला होतात. आयुष्यभर दुसऱ्यांची प्रूफं वाचल्यावर आता वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करत बसायचात. मी म्हटलं, "बाबा, जरा कस्टमचा अधिकारी व्हाल का? दोनच वाक्यं आहेत." तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "अधिकारी विवाहित आहे का?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. बडोद्याच्या मराठी मंडळाच्या नाटकांत तुम्ही किती वर्षं काम केलंत, पण कायम तिसऱ्या अंकात येणारा डॉक्टर, नाहीतर दारावर थाप मारणारा इन्स्पेक्टर, नाहीतर तार घेऊन येणारा पोस्टमन. प्रत्येक वेळी तुम्ही त्या माणसाचं घर, बायको, पगार सगळं ठरवून मगच रंगमंचावर जायचात, आणि दोन वाक्यं बोलून विंगेत परत यायचात. जाहिरातीत तुमचं नाव कधी आलं नाही, 'आणि इतर' मध्ये आलं. त्या शनिवारी मात्र तुमच्या लक्षात आलं, की परक्या देशात गेलेल्या माणसाला हीच सगळी माणसं भेटतात. नायक कुठं भेटतो? भेटतो तो कस्टमवाला, कंडक्टर, डॉक्टर, हॉटेलचा मॅनेजर. पुढच्या शनिवारपर्यंत तुम्ही सगळी वाक्यं देवनागरीत लिहून काढलीत, नाकातल्या उच्चारांवर चंद्रबिंदू देऊन, आणि मला दम भरलात, "तुझ्या फ्रेंच लोकांचा अनुस्वार दर शब्दाला बदलतो. एक काहीतरी ठरवा म्हणावं."

आताही डोळ्यांसमोर येतंय. तुम्ही बाहेरच्या खोलीत टेबलामागे उभे आहात. टोपी. "ऊव्रे व्होत्र व्हालीझ," बॅग उघडा. मुलगा बॅग उघडतो. तुम्ही सावकाश, अगदी सावकाश हात घालता आणि खाखऱ्याचं पाकीट बाहेर काढून दोन बोटांत धरता, जणू त्यात दारूगोळा आहे. "केस्क से?" हे काय आहे? मुलाला घाम फुटतो. खाखऱ्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हे मलाही माहीत नव्हतं. तो अडखळत म्हणतो, पोळी आहे साहेब, खूप पातळ, खूप कोरडी. तुम्ही पाकीट कानाशी नेऊन हलवून बघता. तोपर्यंत बाकीची दहा जणं हसून जमिनीवर पडलेली. स्वयंपाकघरात आई बेकरीवाली. तिला फ्रेंच यायचं नाही आणि शिकायचंही नव्हतं. मुलं दारात रांग लावून पाव मागायची, अगदी 'कृपया'सकट, आणि ती म्हणायची, "अरे, त्या डब्यात आहे, घ्या की हातानं. एवढं काय विचारायचं त्यात!" तिच्याकडून पाव मिळवणं सगळ्यांत सोपं होतं, म्हणून सगळी मुलं आधी बेकरीतच जायची.

आणि मग त्या सगळ्या हशात माझं ओरडणं. "ल नाही, ला! ला व्हालीझ!" बॅग फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, तिला 'ला' लागतं. मुलगा थांबायचा, चूक सुधारायचा, आणि पुढचं विसरायचा. तिसऱ्या शनिवारी मुलं गेल्यावर मी ओट्याशी कप विसळत होते. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "प्रयोग चालू असताना प्रॉम्प्टर मोठ्यानं बोलायला लागला, तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतात." मी म्हटलं, "बाबा, मी नाटक नाही करत, भाषा शिकवतेय. चुकीचं कसं बोलू देऊ?" तुम्ही म्हणालात, "चुकीचं बोलला तरी मी बॅग उघडतोच आहे ना? मग त्याचं काम झालं. तू मध्ये बोललीस की तो माझ्याकडे बघायचा थांबतो आणि तुझ्याकडे बघतो. तिकडे विमानतळावर तू त्याच्या कानात बसणार आहेस का?" मला फार लागलं ते. मी इतकी वर्षं शिकवते आणि तुम्हाला तीन शनिवारांत सगळं कळलं काय, असं काहीबाही बोलून मी निघून आले. पुढचा शनिवार मी दाराजवळ वेताच्या मोड्यावर बसले, तोंडावर पदर धरून. खरंच धरला होता, नाहीतर शब्द बाहेर पडला असता.

करजणच्या मुलीनं तोंड उघडलं ते त्याच दिवशी. ती रोज गाडीनं अपडाउन करायची, तिच्या वडिलांचं तिथं किराणा दुकान होतं. लेखी परीक्षेत तिचा पहिला नंबर. वर्गात तिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. हजेरीला पण हात वर करायची. त्या दिवशी डॉक्टरचा खेळ होता. एक मुलगा पेशंट होऊन सतरंजीवर पडला होता, पोट धरून, गरजेपेक्षा जास्त कण्हत. तुम्ही आलात, विचारलंत, "ऊ आव्हे-व्हू माल?" कुठं दुखतंय? त्यानं पोट दाखवलं. आणि तुम्ही थांबलात. पुढचं वाक्य येईना. तुम्ही छताकडे बघितलंत, स्टेथोस्कोप म्हणून गळ्यात घातलेली आईची ओढणी सारखी केलीत. मी पदर दाबून धरलेला. तेवढ्यात कोपऱ्यातून अगदी बारीक आवाज आला, "दप्वी काँ?" कधीपासून? तुम्ही तिच्याकडे न बघता, पेशंटकडे बघत तेच वाक्य रुबाबात म्हणालात, आणि पुढच्या वाक्याला परत अडलात. परत तिनं सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं जरा मोठ्यानं सांगितलं. शेवटी शेवटी ती उभीच राहिली होती. मी तुम्हाला नंतर कितीदा विचारलं, की खरंच विसरला होतात का. तुमची सगळी वाक्यं तुम्हाला झोपेतही पाठ असायची. तुम्ही एकदाही सरळ उत्तर दिलं नाहीत. "वय झालं गं," म्हणालात, आणि सेव-उसळीवर कांदा घालून घेतलात.

तुम्ही सहलीला येणार असं काही ठरलं नव्हतं. व्यायामाचे सर येणार होते. त्यांचा पासपोर्ट वेळेवर आला नाही. बाई म्हणाल्या, "छोकराओ साथे एक जेन्ट्स तो जोईए ज." मुलग्यांबरोबर पुरुष माणूस हवा, नाहीतर सहल रद्द. मी वर्गात येऊन हे सांगितलं तेव्हा रडकुंडीला आले होते. पण मुलांना त्यात प्रश्नच दिसला नाही. "दादाने ज लई चालो ने, मॅडम!" दादांनाच घेऊन चला ना. तुमचा पासपोर्ट होता. मस्कतला माझ्या भावाकडे जायचं म्हणून काढलेला, आणि आईच्या गुडघ्यांमुळे कोराच राहिलेला. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही आईकडे बघितलंत. आई म्हणाली, "जा की. मी काय पळून जातेय? तिकडून आल्यावर मला सगळं सांगा, म्हणजे झालं. पण त्या टोपीला घरी ठेवा, खरे पोलीस धरतील."

एक गोष्ट मात्र आपल्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती, ती विमान उतरल्यावर आली. मुलांना प्रवाशाची वाक्यं येत होती. तुम्हाला फक्त समोरच्याची. खऱ्या कस्टमच्या माणसानं तुमच्याकडे बघितलं, आणि तो काही बोलायच्या आत तुम्ही त्याला म्हणालात, "ऊव्रे व्होत्र व्हालीझ." त्यानं भुवया उंचावल्या. मी मागून धावत आले. तोपर्यंत त्याच्या हाताला आपल्या मुलाच्या बॅगेतलं पाकीट लागलं होतं. "केस्क से?" मुलाचा चेहरा असा उजळला, की जणू परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आलाय. पोळी आहे साहेब, खूप पातळ, खूप कोरडी, माझ्या आजीनं केलेली. एकही शब्द चुकला नाही. त्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाकीट परत ठेवलं, आणि हसून म्हणाला, "हाँ हाँ, खाखरा." मुलगा दिवसभर त्या दुःखात होता. बसमध्येही तेच. कंडक्टर आला आणि तुम्ही हात पुढे करून त्यालाच तिकीट मागितलंत. तो इतका हसला, की त्यानं आपली तिकिटांची पेटी क्षणभर तुमच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना माहीत झालं होतं, की हिंदुस्थानातून एक म्हातारा आलाय, तो लोकांना तिकिटं मागतो. बाजारात आपल्या डाळवड्यासारखे वडे मिळाले, तिखट, गरमागरम. जैन मुलानं गाडीवालीसमोर हात जोडून 'साँ झोन्यों, साँ झाय' म्हटलं. आत कांदा होताच, पण गाडीवालीनं त्याच्यासाठी वेगळं पीठ कालवून दिलं. तो ते घेऊन माझ्यासमोर नाचवत आला. एक वडा काय, सारं मॉरिशस जिंकल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी मी आडवी झाले. उसाच्या मळ्यातून उन्हात चालणं मला बाधलं. दुपारी ताप चढला, उलट्या सुरू झाल्या. आपण उतरलो होतो त्या घराची मालकीण एक ठेंगणी, कडक बाई होती. इंग्रजी तिला कळायचं, पण बोलायला नको असायचं. मी वरच्या खोलीत पडले होते, आणि जिन्यावर मुलांची कुजबुज ऐकू येत होती. तू जा, तू जा. मग एकाच मुलीची पावलं खाली गेली. दाराखालून आवाज वर आला, आधी बारीक, मग ठणठणीत. "नोत्र प्रोफेसर ए मालाद." आमच्या बाई आजारी आहेत. ताप आहे. दुपारपासून. डॉक्टर हवा, लवकर. करजणची मुलगी. तापातही मी उशीवरून डोकं उचललं होतं, बाबा.

डॉक्टर आले, तरुण होते. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे होतात, हात मागे बांधून, चेहरा पांढरा पडलेला. मुलं दारात दाटीनं उभी. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "ऊ आव्हे-व्हू माल?" मी पोट दाखवलं. ते पुढचं विचारणार, तेवढ्यात खाटेच्या पायथ्याकडून गंभीर आवाज आला, "दप्वी काँ?" तुमच्या तोंडून आपोआप निघालं होतं, मला दिसत होतं. समोरच्यानं एक वाक्य टाकलं की पुढचं तुमचं. डॉक्टरांनी वळून पाहिलं. मी उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली, आणि तुम्ही म्हणालात, "तिरे ला लाँग." जीभ दाखवा. मी दाखवली. डॉक्टरांनी बघितली, मग तुमच्याकडे बघून, एखाद्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याला विचारावं तशा आदरानं विचारलं, "व्हूझेत मेद्सँ, मस्य?" आपण डॉक्टर आहात का, महाशय?

तुम्ही गोंधळलात. हे वाक्य तुमच्या कागदावर नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तोंड उघडलं, आणि त्याआधीच दारातून, मागच्या रांगेतून, करजणची मुलगी स्पष्ट आवाजात म्हणाली, "नों, मस्य. इल एताक्तर."

नाही महाशय. ते नट आहेत.

डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी तुमच्याशी हस्तांदोलन केलं. त्यांना वाटलं असेल, हिंदुस्थानातले कोणी मोठे नट आहेत. तुम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाहीत. करणार कसे, ती वाक्यं कुठं होती तुमच्याकडे? पण मुलं मोठ्यानं हसली तरी तुम्ही हसला नाहीत. तुम्ही थोडेसे वाकून नमस्कार केलात, पडदा पडल्यावर करतात तसा, आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिलात. डॉक्टर निघून गेले, मुलं पांगली, तरी तुम्ही तिथंच होतात. मी विचारलं, "बाबा?" तर म्हणालात, "काही नाही गं. समुद्र किती जवळ आहे इथून."

परत आल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. मुलांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळी सहल करून दाखवली, आणि पालकसभेत प्रश्न विचारणारे ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसून खाखऱ्याला सर्वांत जास्त हसले. पुढच्या वर्षी वर्गात जास्तीची बाकं आणावी लागली. बाईंनी परत कधी 'मग बघू' म्हटलं नाही. मंडळाच्या पुढच्या नाटकात तुम्हाला परत तिसऱ्या अंकातलाच डॉक्टर मिळाला आणि तुम्ही आनंदानं केलात. आईला तुम्ही सगळी सहल सांगितलीत, रोज थोडी थोडी, कित्येक महिने. ती डॉक्टरची गोष्ट मात्र तिला मी सांगितली. तुम्ही सांगायला लागलात की त्या जागी येऊन चहा मागायचात.

करजणच्या मुलीला मी आता दुसऱ्या कागदावर लिहीन. आधी बॅग, मग विमानतळ, मग बस. आणि समोरचा माणूस कोण होणार ते सगळ्यांत आधी ठरव, असं लिहीन. हा कागद माझ्यापाशीच राहील. पण एक गोष्ट तिलाही कधी सांगितली नाही, तुम्हालाही नाही, ती इथं लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा ताप उतरला होता. भूकही लागली होती. खाली अंगणात तुम्ही सगळे नाश्त्याला बसला होतात, आणि सगळं वर ऐकू येत होतं. कुणी कॉफी मागत होतं, ल-ला सगळं चुकवत. करजणची मुलगी मालकिणीला वड्याची कृती विचारत होती, मध्येच तिचं फ्रेंच संपलं की हातानं दाखवत असावी, कारण मालकीण हसत होती. तुम्ही तिच्याकडे तिकीट मागत होतात. मग तुम्ही पेज घेऊन वर आलात आणि विचारलंत, "कसं वाटतंय? येतेस खाली?" मी डोळे मिटून म्हटलं, "अजून फार अशक्तपणा आहे, बाबा." तुम्ही पडदा ओढून घेतलात, दार लोटलंत आणि खाली गेलात. मी संध्याकाळपर्यंत तशीच पडून होते. मला काही झालेलं नव्हतं. मी ऐकत होते.